विस्तीर्ण निसर्गक्षेत्रांचे रक्षण : शास्त्र आणि लोकमत

परभणीहून मनमाडकडे जाताना पेडगाव हे रेल्वे स्थानक लागते. फलाटावर उभे राहून चहूकडे दृष्टी टाकली, तर क्षितिजापर्यंत काळीभोर सपाट जमीन पसरलेली दिसते. कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी; मधूनच एखाद्या बांधावर बाभूळ किंवा लिंब. अशा गावच्या शाळेत शिक्षकाने ‘विस्तीर्ण निसर्गक्षेत्रांचे रक्षण’ हा विषय काढला, तर चौथीतला एखादा मुलगा सहज विचारील, “गुरुजी, आपल्याकडे जंगल कुठे आहे?”

प्रश्न रास्त आहे. आपल्या जिल्ह्यात वनभूमी अत्यल्प आहे. उत्तरेस जिंतूर तालुक्यात अजिंठ्याच्या रांगा व दक्षिणेस गंगाखेडकडे बालाघाटचे डोंगर एवढे सोडले, तर बहुतेक भूभाग नांगराखाली आलेला आहे. तेव्हा वन्य प्राणी, अभयारण्ये हा विषय मेळघाटच्या किंवा चंद्रपूरच्या शिक्षकांचा, आपला नव्हे, असे वाटणे स्वाभाविक होय. परंतु गेल्या काही वर्षांत घडलेल्या घटनांनी आणि त्यांच्या मागील शास्त्रीय अभ्यासाने हा समज चुकीचा असल्याचे दाखवून दिले आहे. तो कसा चुकीचा आहे, आणि त्यातून शाळेने कोणता बोध घ्यावा, हे येथे सांगावयाचे आहे.

१. एका वाघाचा प्रवास

२०१९ च्या फेब्रुवारी महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात एका तरुण नर वाघाच्या गळ्यात डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी रेडिओ पट्टा बसविला. वाघाचे बच्चे मोठे झाल्यावर आईचे क्षेत्र सोडून कोठे व कसे जातात, हे जाणून घेणे हा त्यामागील हेतू होता. पट्ट्यातील यंत्र उपग्रहाच्या साहाय्याने त्या वाघाचे स्थान तासातासाला कळवीत असे.

टिपेश्वरचे क्षेत्रफळ सुमारे १४८ चौरस किलोमीटर आहे. तेथे आधीच वाघांची दाटी झालेली होती. जून महिन्यात हा वाघ अभयारण्याबाहेर पडला आणि चालू लागला. तेलंगणातील आदिलाबादचा भाग, मग नांदेड, हिंगोली, वाशीम असे जिल्हे ओलांडीत डिसेंबरच्या प्रारंभी तो बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तेवढ्यात त्याची १,३०० किलोमीटरांहून अधिक चाल झाली होती. त्यानंतरही तो हिंडत राहिला. २०२० च्या एप्रिलमध्ये पट्टा काढला गेला, तोवर नोंदलेली एकूण वाट सुमारे ३,००० किलोमीटर भरली. नोंदलेली स्थाने पाच हजारांहून अधिक होती.

ही स्थाने नकाशावर मांडल्यावर जे दिसले, ते आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. हा वाघ जंगलाजंगलातून गेला नाही, कारण त्या वाटेवर सलग जंगल नाहीच. तो शेतांतून, कालव्यांच्या काठांनी, ओढ्यांच्या पात्रांतून, महामार्ग ओलांडून गेला. दिवसा ओढ्याकाठच्या झुडपांत निजावे, रात्री चालावे, असा त्याचा क्रम होता. एवढ्या प्रवासात माणसाशी त्याचा संघर्ष जवळजवळ झालाच नाही. तो विसावलेल्या झुडपात शिरलेल्या एका माणसाला इजा झाली, तेवढाच काय तो प्रसंग. वाटेवरच्या गावांपैकी बहुतेकांना वाघ शेजारून गेला, हे कळलेही नाही.

हिंगोली जिल्हा १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्याचाच भाग होता, हे आपणांस ठाऊक आहेच. म्हणजे ही वाट परक्या मुलखातील नव्हे. पुढे २०२४ च्या डिसेंबरात धाराशिव जिल्ह्यातील येडशी-रामलिंग अभयारण्यात स्वयंचलित कॅमेऱ्याने एका वाघाचे छायाचित्र टिपले. त्याच्या अंगावरील पट्ट्यांवरून तोही टिपेश्वरचाच असल्याचे निष्पन्न झाले. येडशीचे अभयारण्य अवघे बावीस चौरस किलोमीटरांचे. टिपेश्वर आणि येडशी यांच्या दरम्यान जे काही आहे, ते म्हणजे मराठवाड्याची शेती, ओढे, गायराने व उघडे डोंगर. ‘आपल्याकडे जंगल कुठे आहे?’ या प्रश्नाचे पहिले उत्तर हे आहे. आपल्याकडे जंगल नसेल, परंतु जंगलांना जोडणारी वाट आपल्याकडून जाते.

२. क्षेत्र मोठे का हवे?

वाघाने एवढे चालावे का? एका अभयारण्यात सुखाने राहू नये? याचे उत्तर परिस्थितिविज्ञान देते. सजीवांचे एकमेकांशी व सभोवतालच्या माती-पाणी-हवेशी असलेले संबंध तपासणारे शास्त्र ते परिस्थितिविज्ञान.

मुलांना हे समजावून सांगण्यास पाठ्यपुस्तकाबाहेर जाण्याची गरज नाही. गावचा ओढा पुरेसा आहे. पावसाळ्यात ओढा अखंड वाहतो. दिवाळीनंतर धार तुटते आणि मागे डोह उरतात. प्रत्येक डोहात थोडे मासे, बेडूक, पाणकिडे अडकतात. माघ-फाल्गुनात लहान डोह आटतात व त्यांतील मासे मरतात. मोठ्या डोहातले तग धरतात. पुढे मृगाचा पाऊस झाला, ओढा पुन्हा वाहू लागला, की मोठ्या डोहातील मासे आटलेल्या डोहांत पुन्हा पसरतात. परंतु ओढा मध्येच कायमचा बुजविला, तर काय होईल? एकदा रिकामा झालेला डोह कायमचा रिकामा राहील.

आपली अभयारण्ये ही अशीच डोहांसारखी आहेत, आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा या ओढ्याच्या धारेसारख्या. १९६७ साली रॉबर्ट मॅकआर्थर व एडवर्ड विल्सन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी समुद्रातील बेटांच्या अभ्यासावरून या गोष्टीला शास्त्रीय रूप दिले. बेट जितके लहान व किनाऱ्यापासून जितके दूर, तितक्या त्यावरील सजीवांच्या जाती कमी, असा त्यांच्या सिद्धांताचा आशय. अशा अभ्यासांतून एक ढोबळ आडाखा निघतो तो असा, की क्षेत्र दहापटीने घटले तर त्यात टिकणाऱ्या जातींची संख्या साधारणपणे निम्मी होते. शेतांनी, रस्त्यांनी, वस्त्यांनी वेढलेले जंगल हेही एक बेटच होय, हे लक्षात आल्यावर निसर्गरक्षणाचा विचारच पालटला.

आणखी एक कारण आहे. लहान क्षेत्रात अडकलेल्या प्राण्यांचे विवाहसंबंध जवळच्या नातलगांतच होऊ लागतात. काही पिढ्यांनंतर संतती दुर्बल होते, रोगांना लवकर बळी पडते. एकाच खुंटाच्या वळूपासून पिढ्यान्‌पिढ्या पैदास केली, तर गोवंश खालावतो, हे आपल्या शेतकऱ्यांना पूर्वीपासून माहीत आहे. वाघाच्या बाबतीत हा नियम बदलत नाही. म्हणून तरुण वाघाचे दूर निघून जाणे हा भरकटण्याचा प्रकार नसून जाती टिकविण्याची निसर्गाने केलेली सोय आहे.

३. वाघाच्या पलीकडे : पाणी व गवत

येथे कोणी म्हणेल, की वाघ टिकला किंवा न टिकला, तर शेतकऱ्याचे काय बिघडते? म्हणून दुसरे उदाहरण पाण्याचे घेऊ.

पूर्णा नदी अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावते, जालना व बुलढाणा जिल्ह्यांतून येते, आणि परभणी-हिंगोलीच्या सीमेवर तिच्यावर येलदरी येथे धरण आहे. ते १९६८ साली पूर्ण झाले. धरणात साठणारे पाणी जेवढे पावसावर, तेवढेच ते वरच्या डोंगरउतारांच्या स्थितीवर अवलंबून असते. उतारावर गवताचे आच्छादन असेल, तर पावसाचा थेंब प्रथम पात्यावर पडतो, मग मुळांच्या जाळ्यातून जमिनीत मुरतो व सावकाश झऱ्यांना मिळतो. उतार उघडा असेल, तर तोच थेंब माती उचलून नदीत नेतो आणि ती माती जलाशयाच्या तळाशी बसते. तेव्हा कन्नडच्या डोंगरावरील गवत आणि खालच्या शेतकऱ्याचे कालव्याचे पाणी ही एकाच क्षेत्राची दोन टोके आहेत. जिल्ह्याच्या सीमा शासनाच्या सोयीसाठी आखलेल्या असतात. नदी त्या मानीत नाही.

याच दृष्टीने माळरानाकडे पाहिले पाहिजे. आपल्या महसुली कागदपत्रांत ‘पडीक’ हा एक घातकी शब्द आहे. ज्यावर पीक नाही व झाडी नाही, ती जमीन वाया गेलेली, असा त्याचा अर्थ घेतला जातो. वस्तुतः चांगल्या माळावर मारवेल, पवन्या यांसारखी उत्तम वैरणीची गवते असतात. त्यांवर गावची गुरे व धनगरांची मेंढरे जगतात. चराई बेसुमार झाली, की ही गवते मागे पडून कुसळी पुढे येते. तिच्या टोकदार कुसळांमुळे वाळल्यावर जनावर तिला तोंड लावीत नाही. त्याही पुढे जाऊन केवळ धूळ व खडे उरतात. म्हणजे गवताच्या जातींचा क्रम पाहून माळाची प्रकृती सांगता येते. वैद्याने नाडी पाहावी, तसेच ते आहे.

माळावर केवळ गवत नसते. लांडगा, खोकड, काळवीट, तितर, चंडोल यांचे घर माळावरच असते. हिवाळ्यात मध्य आशियातील कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातून भोवत्या नावाचे शिकारी पक्षी हजारो किलोमीटर उडून दख्खनच्या माळांवर येतात. ते जमिनीलगत संथ घिरट्या घालीत टोळ व उंदीर टिपतात, आणि रात्री झाडावर न बसता उंच गवतात जमिनीवर झोपतात. त्यांची झोपण्याची जागा नांगरली, तर फटका बसतो तो सरहद्दीपलीकडून आलेल्या पक्ष्याला, आणि त्याबरोबर आपल्या शेतातील टोळांना आळा घालणाऱ्या फुकटच्या राखणदारालाही.

४. माळढोकाचा धडा

मोठे क्षेत्र राखावयाचे, तर सरकारने नकाशावर मोठी रेषा ओढली म्हणजे झाले, असे वाटण्याचा संभव आहे. तसे होत नाही, हे महाराष्ट्राने सोलापूरजवळ अनुभवले आहे.

माळढोक हा उडणाऱ्या पक्ष्यांतील अत्यंत वजनदार पक्ष्यांपैकी एक. नराची उंची सुमारे एक मीटर, वजन पंधरा किलोपर्यंत. मादी बहुधा वर्षाला एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. राष्ट्रीय पक्षी म्हणून माळढोकाची निवड व्हावी, असा आग्रह सुप्रसिद्ध पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी धरला होता. १९६३ साली तो मान मोराला मिळाला. उत्तर सोलापूर तालुक्यातील नान्नजच्या माळावर माळढोक आहेत, हे १९७० नंतरच्या दशकात सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी लोकांच्या व शासनाच्या नजरेस आणून दिले. त्याच काळात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली तेथील काही माळ चराईपासून राखले गेले होते. गवत वाढले, टोळ वाढले, पक्षी स्थिरावले. १९७९ साली शासनाने माळढोक अभयारण्य जाहीर केले.

परंतु जाहीर केलेले क्षेत्र होते सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात सोलापूर व तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यांतील तालुकेच्या तालुके आले. गावे, बाजारपेठा, खाजगी शेते सर्व काही आले. प्रत्यक्षात पक्षी वावरत ते काही मोजक्या माळांवर. त्या माळांबाहेरच्या शेतकऱ्याला अभयारण्य म्हणजे जमिनीच्या व्यवहारातील अडचण, उद्योगाला होणारा अडथळा, एवढीच त्याची ओळख झाली. ज्या पक्ष्यासाठी हे सारे होते, त्याच्याविषयी ममत्व वाटण्याऐवजी लोकांच्या मनात राग साचला. अखेर तज्ज्ञांच्या समितीने पाहणी करून क्षेत्राची फेररचना सुचविली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने २०१२ च्या सुमारास ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणले गेले.

दरम्यानच्या काळात पक्ष्याच्या पायाखालची जमीन निसटत होती. भीमेवरील उजनी धरणाचे पाणी आले, ज्वारी-करडई-भुईमुगाच्या जागी ऊस आला. कोरडवाहू शेतात माळढोकाला वावरता येत होते. उसाच्या फडात ते शक्य नाही. काही माळांवर हितबुद्धीनेच गिरिपुष्पासारखी झाडे लावण्यात आली. परंतु माळढोकाला दूरवर दृष्टी पोहोचेल असा मोकळा माळ लागतो. झाडी वाढताच तो जागा सोडतो. विजेच्या तारांचे जाळे वाढले. समोरचे नीट न दिसणारा हा जड पक्षी उडताना त्यांवर आदळून मरतो. २०११ साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने त्यास अतिसंकटग्रस्त ठरविले. आज देशात जेमतेम दीडशेच्या आसपास माळढोक उरले असल्याचे मानले जाते. त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत. नान्नजला तो क्वचित, एकटादुकटा दृष्टीस पडतो.

या कथेत कोणी एक खलपुरुष नाही, ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. शासनाने अभयारण्य केले ते रक्षणासाठी, धरण बांधले ते शेतीसाठी, झाडे लावली ती हिरवाईसाठी. उणीव राहिली ती दोन ठिकाणी. पक्ष्याला नेमके काय लागते, याचे ज्ञान निर्णयाच्या पुढे नव्हे, तर मागून आले; आणि त्या भूमीवर राहणाऱ्या लोकांना सोबत घेतले गेले नाही. शास्त्र व लोकमत या दोन चाकांपैकी एकही ढिले असले, तर गाडी पुढे जात नाही.

५. लोकमत कसे घडते?

दोन्ही चाके जुळली, म्हणजे काय होते, याचीही उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत.

१९८७ च्या नोव्हेंबरात पश्चिम घाट बचाव पदयात्रा निघाली. एक तुकडी उत्तरेकडून नवापूरहून व दुसरी दक्षिणेकडून कन्याकुमारीहून निघाली. सुमारे शंभर दिवस गावोगाव चालत, डोंगरांतील लोकांशी बोलत, तुटलेली जंगले व आटलेले झरे पाहत दोन्ही तुकड्या १९८८ च्या फेब्रुवारीत गोव्यात रामनाथी येथे एकत्र आल्या. तापीपासून कन्याकुमारीपर्यंतची पर्वतरांग ही एकच एक वस्तू आहे, तिचे दुखणे एक आहे, ही जाणीव या चालण्याने लोकांत रुजविली. पुढे २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा जागतिक वारशात समावेश झाला. त्यांत महाराष्ट्रातील कास पठार, कोयना, चांदोली व राधानगरी ही चार आहेत.

त्याच घाटांसाठी नेमलेल्या माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ साली अहवाल दिला. कोणत्या भागास किती जपावे, याचे अंतिम निर्णय ग्रामसभांशी विचारविनिमय करून व्हावेत, असा त्याचा गाभा होता. परंतु अहवाल इंग्रजीत, जाड व तांत्रिक. तो गावकऱ्यांच्या हाती त्यांच्या भाषेत वेळेवर पडला नाही. अहवालापूर्वी अफवा गावात पोहोचल्या, आणि अनेक ठिकाणी लोकांनी न वाचलेल्या अहवालास विरोध केला. ज्ञान खरे असून भागत नाही. ते लोकांच्या भाषेत त्यांच्या दारी न्यावे लागते. हे काम गावात शिक्षकाहून अधिक चांगले कोण करू शकेल?

तिसरे उदाहरण नागपूर-सिवनी राष्ट्रीय महामार्गाचे. हा पूर्वीचा क्रमांक ७ व आताचा क्रमांक ४४ चा मार्ग पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या प्रदेशातून जातो. त्याच्या चौपदरीकरणाने वाघांची वाट कायमची तुटेल, असा आक्षेप निसर्गप्रेमी संस्थांनी घेतला व प्रकरण न्यायालयात गेले. त्यांनी ‘रस्ता नको’ एवढेच म्हटले असते, तर कदाचित पराभव पदरी पडला असता. परंतु प्राणी कोठे रस्ता ओलांडतात, त्यांना किती रुंद व उंच जागा लागते, याची शास्त्रीय माहिती पुढे मांडली गेली. परिणामी महाराष्ट्राच्या बाजूला रस्ता उचलून त्याखालून प्राण्यांसाठी ५० ते ७५० मीटर रुंदीचे नऊ मार्ग ठेवण्यात आले. २०१९ साली तेथे कॅमेरे लावून पाहणी केली, तेव्हा १८ जातींचे वन्य प्राणी या मार्गांचा उपयोग करताना आढळले. त्यांत ११ निरनिराळे वाघ होते. वर मोटारी धावतात, खालून वाघ जातो. आरडाओरडा आणि आग्रह यांतील अंतर या उदाहरणावरून विद्यार्थ्यांस चांगले दाखविता येईल. आग्रहामागे मोजमाप असते.

६. शेतकऱ्याची बाजू

हा विषय शिकविताना एका गोष्टीचे भान अवश्य ठेवावे. आपल्या वर्गातील अनेक मुलांच्या घरी काळविटांनी कोवळे पीक खाल्ल्याची किंवा रानडुकरांनी भुईमूग उकरल्याची हकिगत कालपरवाच झालेली असते. त्या मुलासमोर ‘प्राणी आपले मित्र आहेत’ असे नुसते वाक्य फळ्यावर लिहिणे म्हणजे त्याच्या बापाच्या नुकसानीची थट्टा होय. नुकसान खरे आहे, हे प्रथम मान्य करावे. मग कारण शोधावे. माळ मोडले, गायरानावर अतिक्रमण झाले, म्हणून कळप शेतांत आले; लांडगे संपले, म्हणून रानडुकरांना धाक उरला नाही. वन्य प्राण्यांनी केलेल्या पीकहानीबद्दल शासनाकडून भरपाई मिळते, परंतु तिच्यासाठी वेळेत अर्ज व पंचनामा व्हावा लागतो. हा अर्ज लिहून देण्यास शिक्षकाने साहाय्य केले, तर निसर्गरक्षणाच्या दहा व्याख्यानांहून अधिक काम होईल. रक्षणाचा सर्व भार गरिबाने वाहावा व कौतुक इतरांनी करावे, ही व्यवस्था न्याय्य नाही आणि म्हणून ती टिकतही नाही.

७. शाळेत करावयाचे उपक्रम

(१) गावाचा निसर्ग-नकाशा : तिसरी-चौथीच्या मुलांकडून गावाचा साधा नकाशा काढून घ्यावा. त्यात गायरान, ओढा, जुने पाणवठे, बांधावरची मोठी झाडे, देवस्थानाभोवतालची राखीव झाडी दाखवावी. मग वृद्ध माणसांना विचारून पन्नास वर्षांपूर्वीचा नकाशा त्याशेजारी काढावा. दोन नकाशांतील फरक मुले स्वतः सांगतील. शिक्षकाने थांबून ऐकावे.

(२) गणित : वाघ सुमारे नऊ महिन्यांत ३,००० किलोमीटर चालला, तर दिवसाला सरासरी किती? उत्तर सुमारे अकरा किलोमीटर येईल. आपल्या गावापासून तेवढ्या अंतरावर कोणती गावे आहेत? वाघाने कोणता ओढा, कोणता रस्ता ओलांडला असता? गणित व भूगोल एकाच धड्यात साधतात.

(३) चौरस मीटरचा अभ्यास : चार खुंट्या व सुतळी यांनी एक मीटर लांबी-रुंदीचा चौकोन आखावा. एक चौकोन चराईच्या माळावर, दुसरा कुंपणाआड राखलेल्या जागेत. प्रत्येकात गवताच्या किती जाती आहेत, कुसळी किती, उघडी माती किती, हे मोजून तक्त्यात मांडावे. नावे गुराख्यांना व धनगरांना विचारावीत; या विषयात तेच गुरू आहेत. परिस्थितिविज्ञानाची प्रयोगशाळा याहून महाग नसते.

(४) वृक्षारोपणाचा विवेक : दरवर्षी पावसाळ्यात आपण मुलांकडून झाडे लावून घेतो. हे कार्य स्तुत्य आहे. परंतु जागा पाहून करावे. शाळेचे आवार, रस्त्याच्या कडा, बांध, ओढ्याचे काठ येथे लिंब, बाभूळ, करंज, चिंच, वड अवश्य लावावे. चांगले गवत असलेला माळ मात्र खड्डे खणून मोडू नये. नान्नजचा अनुभव आठवावा. माळाला झाड नसणे हा त्याचा दोष नसून तो त्याचा स्वभाव आहे.

(५) लोकजैवविविधता नोंदवही : २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती व अशी नोंदवही असावयाची आहे. बऱ्याच गावांत ती कपाटात असते. वरच्या वर्गांतील मुलांना घेऊन ती पाहावयास मागावी, आपल्या निरीक्षणांशी ताडून पाहावी व राहिलेल्या नोंदी समितीला द्याव्यात.

(६) ग्रामसभेस अर्ज : मराठीच्या तासाला मुलांकडून एक अर्ज लिहून घ्यावा. त्याचे चार भाग असावेत : काय पाहिले, केव्हा व कोठे पाहिले, त्यामुळे कोणाचे काय नुकसान होते, आणि आमची मागणी कोणती. विषय गायरानावरील अतिक्रमणाचा, ओढ्यात टाकलेल्या कचऱ्याचा किंवा पाणवठ्याच्या दुरुस्तीचा घ्यावा. गायराने, तळी ही सार्वजनिक भूमी राखली पाहिजे व तिच्यावरील अतिक्रमणे दूर केली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात स्पष्ट केले आहे. तेव्हा गावाने आपले गायरान राखण्याची मागणी करणे हा कोणावर रोष धरण्याचा प्रकार नसून तो नागरिकाचा हक्क आहे.

(७) सावधगिरी : मोठ्या वन्य प्राण्याचा माग दिसला, तर मुलांनी झुडपांत शिरू नये, गर्दी करून पाठलाग करू नये, व मोठ्यांमार्फत वनखात्यास कळवावे, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. टिपेश्वरच्या वाघाच्या प्रवासात घडलेला अपघात झुडपात शिरल्यामुळेच झाला होता.

समारोप

आपल्यापैकी कोणाच्याही हातून एखादे अभयारण्य निर्माण होणार नाही, आणि कोणी तशी अपेक्षाही करीत नाही. परंतु अभयारण्यांना जोडणारी वाट पाचपन्नास एकरांच्या गायरानांनी, दहावीस हात रुंदीच्या ओढ्यांनी व बांधावरच्या झुडपांनी बनलेली असते. ती प्रत्येक गावी थोडी थोडी असते. प्रत्येक गावी थोडी थोडी तुटते. आणि राखावयाची तर ती प्रत्येक गावीच राखली पाहिजे. हे ओळखणारा नागरिक शाळेतच घडतो.

पेडगावच्या फलाटावरून दिसणाऱ्या सपाट काळ्या जमिनीकडे पुन्हा एकदा पाहावे. दूरवर ओढ्याच्या कडेने झाडाझुडपांची एक बारीक हिरवी रेघ दिसेल. चौथीतल्या त्या मुलाने पुन्हा विचारले, “गुरुजी, आपल्याकडे जंगल कुठे आहे?” तर त्याला वर्गाबाहेर न्यावे आणि ती रेघ दाखवावी.